पाळीची गोळी आणि डोळ्याची बाहुली

ताईंनो, पाळीत पोट दुखलं की आपण मेडिकलमधून गोळी आणतो. उरली तर पोटदुखीवर सासूबाईंनाही देतो. यापुढे आधी पाकिटावरची नावं वाचा. अशा बऱ्याच गोळ्यांत दोन औषधं असतात. मेफेनॅमिक ॲसिड दुखणं कमी करतं, तर डायसायक्लोमाइन पोटातला पिळा सैल करतं.

हे दुसरं औषध मज्जातंतूंचा एक निरोप अडवतं. उजेडात डोळ्याची बाहुली लहान होते, तीही याच निरोपामुळे. तो अडला की बाहुली मोठी राहू शकते. मग ऊन खुपतं, सुई ओवताना धूसर दिसतं. धोतरा पोटात गेल्यावर बाहुली मोठी होते, तीही याच कारणाने. तोंड कोरडं पडतं, घामही कमी येतो. त्यामुळे भर उन्हात काम केल्यास उष्माघाताचा धोका वाढतो.

कोणी जपायचं?

• काचबिंदू असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ही गोळी घेऊ नका.
• गरोदरपण, अल्सर, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गोळीनंतर डोळा लाल होऊन खूप दुखला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलट्या झाल्या, तर ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पाकीट सोबत न्या. उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते.

बैठकीत बोला: आपल्या घरात एकीची गोळी दुसरीला दिली जाते का? पुढच्या बैठकीला घरातली पाकिटं आणा, आशाताईंसोबत नावं वाचू.