गोळ्या बंद केल्यास म्हणे

चि. सौ. अनघास,


काल वहिनीचा फोन आला. एरवी ती भिशीपासून भाजीच्या भावापर्यंत सगळं सांगून मग मुद्द्यावर येते. काल पहिलंच वाक्य, "अनूने फिटच्या गोळ्या बंद केल्यात." कधीपासून, तर दिवाळीपासून. पाचवा महिना लागला आणि तू कोणाला न विचारता गोळ्या टाकून बसलीस? जावईबापूंनाही पत्ता नव्हता म्हणे. खरं आहे का हे?

बापूंच्या साठीशांतीला तू मांडवात पडलीस ते तुला आठवायचं कारण नाही. आम्हाला आठवतं. दात जिभेत रुतलेले, आणि अप्पा कांदा शोधत धावत होते. त्यानंतर इतकी वर्षं एक झटका नाही, तो आपोआप थांबला असं वाटलं की काय तुला?

शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणे, फिटच्या गोळ्यांनी मूल अपंग होतं. त्यांचं अगदीच खोटं नाही, म्हणून तर मला जास्त राग येतो. व्हॅल्प्रोएट नावाचं औषध आहे. ते गरोदरपणी चालू असलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मतः व्यंग असतं, आणि दहातली तीन-चार मुलं पुढे बोलण्यात, शिकण्यात मागे पडतात. पण तू ते घेतच नाहीस! तुझं लग्न ठरल्यावर डॉक्टरांनी तेच काढून लेव्हेटिरासिटम दिलं, ते उगीच का? या गोळीवर असलेल्या बायकांच्या बाळांत व्यंगाचं प्रमाण इतर बाळांपेक्षा फारसं वेगळं दिसलेलं नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून फिट्स असलेल्या गरोदर बायकांची नोंद ठेवतात. त्यांतल्या बहुतेकींची बाळं धडधाकट आहेत, आणि त्या गोळ्या घेऊनच बाळंत झाल्या आहेत.

शिवाय ज्या व्यंगाची तू धास्ती घेतलीस, ते बाळाच्या मणक्याच्या नळीचं, आणि ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच बंद होते. पाळी चुकल्याचं तुझ्या लक्षात येईतो ते काम उरकत आलं होतं. आता गोळी टाकून त्यातलं काय वाचणार? उलट या दिवसांत मूत्रपिंडं हे औषध भराभर बाहेर टाकतात, म्हणून डॉक्टर कित्येकदा डोस वाढवतात. आणि तू शून्यावर आणलास. मोठी फिट आली, पोटावर पडलीस, श्वास कोंडला, तर आतल्याने श्वास कुणाचा घ्यायचा?

कुसुमताईच्या उजव्या हातावरचा डाग तू पाहिला आहेस. होळीत भाजलं असंच तुम्हा पोरांना सांगितलंय. होळीत नाही, चुलीत. लग्नात तिची फिट लपवली होती. दिवस गेल्यावर सासरी बाटली दिसू नये म्हणून तिने गार्डिनाल, तिची फिटची गोळी, सोडली. मी तेव्हा डी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला होते. ही गोळी एकदम तोडायची नसते हे नुकतंच शिकले होते आणि ती माहेरी आली तेव्हा मला कळलंही होतं. मोठ्यांपुढे बोलायचं नसतं म्हणून गप्प बसले. पुढे ग्रामीण रुग्णालयाच्या औषधखिडकीत नोकरी काढली. तिथे कोणी बाई कार्ड पुढे करून हळूच म्हणाली, "ह्या नको देऊ ताई, दिवस आहेत," की मला तो हात दिसायचा. रांग खोळंबली तरी मी तिला बाजूला बसवायची.

तर आता ऐक. स्वतःच्या मनाने पुन्हा सुरूही करू नकोस. आजच डॉक्टरांना फोन कर, किती दिवस बंद आहे ते खरं सांग, ते सांगतील तशी घे. तोवर बाथरूमची कडी लावायची नाही, गच्चीवर एकटीने जायचं नाही, ॲक्टिव्हाला हात लावायचा नाही. फॉलिक ॲसिडची ती ५ मिलिग्रॅमची पिवळी गोळी तरी चालू आहे ना? की तीही काकूंनी काढली? डोकं दुखलं म्हणून घरात पडलेली कॉम्बिफ्लाम घेशील, तर तिच्यात आयब्युप्रोफेन असतं. वीस आठवड्यांनंतर ते बाळाच्या मूत्रपिंडांना बाधतं, गर्भजल कमी होतं. पॅरासिटामॉल चालते, तीही विचारून. आणि कुणी दिलेला बिनलेबलाचा काढा घेत असशील, तर तो मोरीत ओत. आयुर्वेदावर माझा राग नाही, अप्पांचं च्यवनप्राश मीच करून देते. पण आत काय आहे हे बाटलीवर लिहिलेलं नको?

रागावले का फार? तू कशाला बंद केल्यास ते कळतं गं मला. बाळाला काही होऊ नये म्हणूनच ना. एवढी माया कमी जणींना असते. फक्त त्या मायेत तू स्वतःला धरलं नाहीस. दूध पाजायचीही काळजी करू नकोस. ही गोळी चालू ठेवून पाजता येतं. थोडं औषध दुधात उतरतं, पण बाळाच्या रक्तात फार कमी सापडतं. फार पेंगतंय, ओढत नाही असं वाटलं तर दाखवायचं, बस. खरा शत्रू जागरण, त्याने फिट येते. म्हणून रात्रीची एक पाळी मी घेणार, तू दूध काढून ठेव. पाजायला पलंगावर नको, खाली सतरंजीवर भिंतीला टेकून बस. अंघोळ मी घालीन, माझ्या पायांवर अजून बाळ मावतं.

सातव्यात मी येतेच आहे. जावईबापूंना काय सांगायचं ते मी सांगते, तू लाजू नकोस. रोज गोळी घेतलीस की नुसता मिस्ड कॉल दे. उचलणार नाही, तुझे पैसे वाचतील.

तुझी,
आत्या

ता. क. – वहिनीवर चिडू नकोस. फोन ठेवताना रडत होती.