परसबागेंत ब्रोकोली : पेरणीची व कापणीची वेळ

पीकपाहणीच्या कागदांत परसांतील भाजी कोठेंच येत नाहीं. ती येते घरच्या बाजारखर्चाच्या वहींत. त्या वहींत अलीकडे शिरलेली एक महाग बाब म्हणजे ब्रोकोली. कोबी, फ्लॉवर व नवलकोल यांच्याच कुळांतील ही भाजी मूळची इटालीकडील. ज्यास फ्लॉवर पिकवितां येतो त्यास ती अवघड नाहीं. मात्र पेरणीच्या व कापणीच्या वेळीं ती फसविते.

गड्डा धरतेवेळीं हवा १५ ते २० अंश सेल्सिअस असल्यास उत्तम. उष्णता वाढली कीं कळ्या सुट्या होऊन पिवळीं फुलें उमलतात, व सगळी मेहनत गुरांच्या गव्हाणींत जाते. यास्तव देशावर सप्टेंबरच्या मध्यापासून गादीवाफ्यावर बीं टाकावें. चार-पांच आठवड्यांचें रोप लावल्यापासून जातीप्रमाणें ६० ते ८० दिवसांत गड्डा हातीं येतो. हिमाचलांतील कत्राइन केंद्रांत निघालेली पुसा के. टी. एस.-१ ही जात प्रसिद्ध आहे.

तीन फूट रुंद व पंधरा फूट लांब अशा दोन वाफ्यांत दीड-दीड फुटावर ४० रोपें बसतात. परंतु सर्व बीं एकदम टाकूं नये. ४० गड्डे एकाच आठवड्यांत तयार झाले तर घरांत खपत नाहींत, आणि शेजाऱ्यांस तरी किती वाटणार? पंधरा-पंधरा दिवसांनीं तीन वेळां टाकावें. ऑक्टोबरच्या मध्यानंतर मात्र टाकूं नये.

वाफ्यास कुजलेलें शेणखत भरपूर द्यावें. देठ आंतून पोकळ व तपकिरी निघाल्यास बहुधा बोरॉनची उणीव समजावी. दोन्ही वाफ्यांस मिळून १० ग्रॅम टांकणखार मातींत मिसळल्यास पुरे. अधिक घातल्यास तोच विषासमान होतो. नत्राचा अतिरेक झाला तरीही देठ पोकळ होतो, म्हणून युरियाचा हात आखडता ठेवावा.

पानांस चाळणीसारखीं भोकें पाडणारी बारीक हिरवी अळी हा मुख्य शत्रु. तिचा पतंग मोहरीवर आवडीनें अंडीं घालतो. म्हणून लावणीपूर्वीं दहा-बारा दिवस कडेनें मोहरीची एक ओळ पेरावी, व अळ्या त्या ओळींत दिसतांच तीवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. मागील वर्षीं ज्या वाफ्यांत कोबी होता तेथें ही भाजी घेऊं नये.

कापणीविषयीं आमच्या लोकांचा लोभ आड येतो. गड्डा आणखी वाढेल म्हणून चार दिवस राखला जातो, आणि कळ्या फुटून जातात. कळ्या घट्ट व गर्द हिरव्या असतांनाच, गड्डा २५०-३०० ग्रॅमचा कां असेना, सकाळीं चार-पांच इंच देठासह धारदार विळीनें कापावा. झाड मात्र उपटूं नये. त्यास पाणी व मूठभर खत दिल्यास पानांच्या बेचक्यांतून लहान गड्ड्यांचे फुटवे येतात, व थंडी टिकेल तोंवर आठवड्यास एक-दोन वेळच्या भाजीपुरते निघत राहतात.