पलीकडच्या राज्यातलं बेट

रायपूरच्या बूढापाऱ्यात वाढलेल्या मुलाला तळ्यातलं बेट नवं नसतं. बूढा तालाबाच्या मधोमध बाग आहे, विवेकानंदांचा ३७ फुटी बैठा पुतळा आहे. १८७७ ते १८७९ या काळात किशोरवयीन नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, आई-वडिलांसोबत रायपुरातच होता. इथं बोटीत बसलं तरी चारही काठ दिसत राहतात. ही सवय घेऊन माणूस नागार्जुनसागरला गेला, तर फसगत ठरलेली.

नागार्जुनकोंडा ही मुळात कृष्णेच्या खोऱ्यातली टेकडी. इक्ष्वाकूंच्या विजयपुरीच्या अवशेषांचं मोठं उत्खनन इथं १९५४ ते १९६० दरम्यान झालं. नागार्जुनसागरचं धरण होणार हे ठरलेलंच होतं, म्हणून निवडक स्तूप-विहार उचलून वर नेले गेले. पाणी चढलं आणि माथ्याचं बेट झालं. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय तिथंच आहे, आणि तिथं बोटीशिवाय जाता येत नाही.

२ जून २०१४ला तेलंगणा वेगळा झाल्यावर या प्रवासात एक सीमा आली. उत्तरेचा काठ तेलंगणाच्या नलगोंडा जिल्ह्यात, बेट आंध्रात. हैदराबादहून दीडशे किलोमीटर मोटार हाकत येणारा पर्यटक तेलंगणाच्या धक्क्यावर उतरतो आणि बेट दुसऱ्या राज्याचं आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. पाण्यावर रेषा दिसत नाही, पण ती किती खरी आहे हे २०२३च्या नोव्हेंबरअखेर कळलं. तेलंगणातल्या मतदानाच्या आदल्या रात्री आंध्रच्या पोलिसांनी धरणाच्या २६ पैकी १३ दरवाजांचा ताबा घेतला; पुढे पहारा केंद्रीय राखीव पोलीस दलाकडे गेला. अशा ठिकाणी ‘बोट रोज सुटते’ या ऐकीव माहितीवर लेकराबाळांना घेऊन निघू नये. त्याच सकाळी फोन करून विचारावं: बोट बेटापर्यंत जाते, की जलाशयात नुसती फेरी मारून परत येते? तिकीट काढण्याआधी या प्रश्नाचं उत्तर हवंच. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, तो वार टाळावा. आंध्रच्या बाजूनं, विजयपुरी साउथहून जायचं असेल तर तिथली चौकशी वेगळी करावी.

पण खरी काळजी वेळापत्रकाची नाही, जिवाची आहे.

१५ सप्टेंबर २०१९ला गोदावरीला पूर असताना पापीकोंडलूकडे निघालेली पर्यटक बोट कच्चुलूरूजवळ उलटली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. ३० सप्टेंबर २००९ला केरळातल्या थेक्कडीच्या तलावात ४५ जण बुडाले. बोटीत माणसं जास्त होती आणि काठावरचे प्राणी पाहायला ती एका बाजूला सरकली. वडोदऱ्याच्या हरणी तळ्यात १८ जानेवारी २०२४ला शाळेच्या सहलीतली १२ मुलं आणि दोन शिक्षिका दगावल्या. ते शहरातलंच तळं होतं, बूढा तालाबासारखं. महाराष्ट्रातल्या उजनी जलाशयात २१ मे २०२४च्या संध्याकाळी सोलापूर जिल्ह्यातल्या कुगावहून पुणे जिल्ह्यातल्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यांत दोन चिमुकली होती. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला.

या घटनांमधून काय करायचं ते उघड दिसतं. जॅकेट हातात किंवा बाकाखाली ठेवायचं नाही. बोट सुटण्याआधी अंगात घालून पट्टे आवळायचे. मुलाच्या मापाचं जॅकेट नसेल, तर त्या बोटीत मुलाला नेऊच नये, मग तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील. बोटीवर लिहिलेली माणसांची संख्या वाचावी आणि चढणारी माणसं स्वतः मोजावी. फोटोसाठी सगळ्यांनी एका कठड्याला गर्दी करू नये. पूर असेल किंवा दुपारी वारा उठू लागला, तर नावाडी कितीही निर्धास्त असला तरी उतरून यावं.

बोट नसेल तर सहल वाया जात नाही. आंध्रच्या काठावर अनुपू इथं विजयपुरीचं प्रेक्षागृह आणि विहार पुन्हा उभारले आहेत. तिथं मोटारीनं जाता येतं.