दाण्याचा नाद

कुंभाराकडून मडके घेताना जाणती गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते. खणखणीत वाजले तर पक्के. बद्द वाजले तर कोठेतरी तडा गेला आहे, हे तिला मडके न फोडताच कळते. विद्यार्थिमित्रांनो, गव्हाच्या दाण्याची अशी परीक्षा घेता येईल काय?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. सोंडकिड्याची मादी आपल्या सोंडेने दाण्यास बारीक छिद्र पाडते, त्यात अंडे घालते आणि वर चिकट द्रवाचे बूच बसविते. दाणा बाहेरून धडधाकट दिसतो. आत मात्र अळी त्याचे सत्त्व खात वाढत असते. तो फोडून पाहावा, तर कळते ते त्या एकट्या दाण्याविषयी, आणि तो तर हातचा गेलाच! बियाण्याच्या बाबतीत हे फारच महाग पडते. पाण्यात टाकून तरंगणारे दाणे निवडावेत, तर सारेच धान्य भिजते.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या शास्त्रज्ञांनी १९५३ साली असे दाखविले की, दाण्याच्या आत वावरणाऱ्या अळीचा अतिक्षीण आवाज यंत्राने वाढवून ऐकता येतो. युक्ती सुरेख खरी. पण किडा बाहेर पडून गेल्यावर मागे राहिलेला पोकळ दाणा मुकाच राहतो.

त्याला बोलते करण्याचा मार्ग त्याच राज्यात पुढे सापडला. टॉम पिअर्सन या संशोधकाने २००१ साली, उकललेले व न उकललेले पिस्ते पोलादावर आपटून त्यांच्या आवाजावरून वेगळे करण्याची रीत प्रसिद्ध केली. नंतर तीच रीत गव्हाला लावण्यात आली. एकेक दाणा पोलादी पट्टीवर पडू द्यावयाचा आणि जवळच्या मायक्रोफोनने तो आवाज टिपावयाचा. भरीव दाणा ताठ असतो. तो आपटताच तत्काळ उसळतो व ठसठशीत वाजतो. पोखरलेला दाणा आपटताना किंचित दबतो, आघाताची काही शक्ती त्या दबण्यातच जिरते, आणि आवाज मंद उमटतो. हा सारा खेळ सेकंदाच्या अल्पांशाचा. आपल्या कानांना न पेलणारा निवाडा संगणक करतो.

अर्थात ही परीक्षाही पुरती निर्दोष नव्हे. अळी लहान असेल तर पोकळीही नाममात्र असते, आणि असा दाणा चांगल्यांत खपून जातो. नुकते घातलेले अंडे तर दोन्ही परीक्षांना चकविते.