दोन प्रती होत्या, दोन्ही गेल्या

आरसिंकला दोष देऊन चालणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली हे साधन जगापुढे ठेवलं आणि आजही लिनक्सवर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या रोजच्या वापरात ते आहे. फाइल थोडीशी बदलली तर अख्खी फाइल पुन्हा पाठवायची नाही, बदललेला भागच पाठवायचा, ही त्यातली करामत. पलीकडचं मशिन आपल्याकडच्या फाइलचे तुकडे पाडून प्रत्येकाचा चेकसम कळवतं. अलीकडचं मशिन आपली फाइल एकेक बाइट पुढे सरकत तपासतं, आणि जे जुळत नाही तेवढंच वायरवरून जातं. ट्रिजेल यांनी कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीला १९९९ मध्ये सादर केलेल्या पीएचडी प्रबंधात याचं गणित सविस्तर मांडलेलं आहे. इतक्या विचाराने घडवलेलं साधन. कोकणातल्या एका वाचनालयाच्या वर्षानुवर्षांच्या कामावर त्यानेच पाणी फिरवलं, पण ज्याने ते बसवून दिलं त्याच्या बेफिकिरीमुळे.

वाचनालय तालुक्याच्या गावातलं, शंभरी ओलांडलेलं. ‘मनोरंजन’ मासिकाचे सुटे अंक, स्थानिक साप्ताहिकांच्या फायली, संस्थेची हस्तलिखित इतिवृत्तं, अशा बऱ्याच गोष्टी कपाटांत होत्या आणि त्यांना दर पावसाळ्यात बुरशी धरत होती. प्रस्तुत लेखिका कार्यकारिणीवर आहे. स्कॅनिंगचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. स्कॅन कॉम्प्युटरला जोडलेल्या एका हार्ड डिस्कवर साठत. रोज रात्री दोन वाजता त्यांची प्रत भाड्याच्या सर्व्हरवर जावी, ही व्यवस्था एका स्थानिक कॉम्प्युटर सर्व्हिसवाल्याकडे सोपवली होती. वर्क ऑर्डरमध्ये शब्द होता ‘बॅकअप’. ‘सिंक’ हा शब्द त्या कागदावर कुठेही नाही.

जूनमध्ये एका रात्री लाइट गेली, आली, परत गेली. सकाळी स्कॅनिंगला बसणाऱ्या मुलीचा फोन आला, “ताई, फोल्डर उघडतोय, पण आत काहीच नाही.” डिस्क गेली असणार हे उघडच होतं, आणि वाईट वाटलं तरी घाबरण्याचं कारण नव्हतं, कारण सर्व्हरवर दुसरी प्रत होती. इनबॉक्समध्ये पहाटेचा ईमेलही आलेला होता, विषय: ‘बॅकअप यशस्वी’.

लेखिकेने सर्व्हरवर लॉगिन करून फोल्डर किती मोठा आहे ते विचारलं. उत्तर आलं, चार के. काही टेराबाइटच्या जागी चार किलोबाइट, म्हणजे नुसता रिकामा फोल्डर.

मग लॉग उघडला. आरसिंक प्रत्येक पुसलेल्या फाइलसाठी ‘डिलीटिंग’ असं लिहून पुढे तिचं नाव देतं. त्या ओळी संपतच नव्हत्या. डिलीटिंग, इतिवृत्त, पान अमुक. डिलीटिंग, इतिवृत्त, पान तमुक. ही नावं लेखिकेने आणि त्या मुलीने हाताने टाइप केलेली होती. कुठल्या पानावर कुठला ठराव आहे हे शोधता यावं म्हणून फाइलच्या नावातच साल आणि विषय घातलेला होता. सगळ्यात शेवटी एकूण आकार शून्य असल्याची ओळ, आणि त्याखाली स्क्रिप्टने छापलेला एक्झिट कोडही शून्य. आरसिंकच्या भाषेत शून्य म्हणजे कोणतीही चूक न होता काम पार पडलं.

घडलं ते असं. डिस्क निकामी झाली. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला तेव्हा सेटिंगमध्ये ‘नोफेल’ लिहिलेलं असल्यामुळे डिस्क नसतानाही तो बिनतक्रार सुरू झाला. डिस्क जिथे माउंट होते तो फोल्डर जागेवर होता, पण मोकळा. दोन वाजता, ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉनने स्क्रिप्ट चालवली. स्क्रिप्टमध्ये ‘डिलीट’ हा पर्याय लावलेला होता, म्हणजे मूळ ठिकाणी जे नाही ते पलीकडूनही पुसायचं. मूळ ठिकाणी काहीच नव्हतं. फाइल वाचताना अडचण आली तर आरसिंक पुसण्याचं काम आपणहून थांबवतं, तशी सोय त्यात आहे. पण रिकामा फोल्डर वाचायला कसलीच अडचण येत नाही.

ज्या रात्रीसाठी दुसरी प्रत ठेवली होती, नेमकी त्याच रात्री ती पुसली गेली. हा योगायोग नव्हता. त्या स्क्रिप्टची रचनाच अशी होती की डिस्क जेव्हा केव्हा मरेल तेव्हा प्रतही मरेल.

सर्व्हिसवाल्याने फोन उचलला संध्याकाळी. त्याचं पहिलं वाक्य असं: “मॅडम, सिंक हंड्रेड पर्सेंट बरोबर झालंय. सोर्स रिकामा होता म्हणून डेस्टिनेशन रिकामं झालं. याच्यात आमचा काय फॉल्ट?” दुसरं वाक्य, “डिस्क तुमची, लाइट तुमची.” तिसऱ्या दिवशी म्हणे, डिलीट तर तुम्हीच मागितलं होतं. लेखिकेने जुने ईमेल काढले. तिने लिहिलं होतं की नाव बदललेल्या फाइली सर्व्हरवर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नावांनी दिसतात, ते कृपया बघा. त्याच ईमेलमध्ये पुढे विचारलं होतं, डिस्क अचानक बंद पडली तर काय होईल? त्यावरचं उत्तरही जपून ठेवलेलं आहे: “डोन्ट वरी मॅडम, सर्व्हरवर सगळं आहे.” ज्याला विचारलं त्याने न तपासता हे लिहिलं. एएमसीच्या नूतनीकरणाचं बिल मात्र त्याच आठवड्यात वेळेवर आलं. कार्यकारिणीत एक-दोघांनी “जाऊ दे, गावातला माणूस आहे” असा सूर लावला, त्याचाही राग अजून गेलेला नाही.

बॅकअपच्या व्यवस्थेनेच घात करणं हे काही तालुक्याच्या गावापुरतं मर्यादित नाही. जपानमध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे ७७ टेराबाइट डेटा, साधारण ३ कोटी ४० लाख फाइली, बॅकअपच्याच स्क्रिप्टने पुसल्या. जुन्या लॉग फाइली साफ करणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती चढवली गेली. स्क्रिप्ट चालवणारा बॅश हा प्रोग्राम ती वाचत वाचत चालवतो, त्यामुळे मधूनच नवा मजकूर त्याच्या हाती लागला, व्हेरिएबल रिकामी राहिली आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइली गेल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला, त्यातल्या चार गटांचा डेटा परत मिळण्याची सोयच उरली नाही. पण ती यंत्रणा पुरवणाऱ्या हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइजच्या जपानमधल्या कंपनीने पूर्ण जबाबदारी आपली असल्याचं लेखी दिलं.

गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण तर प्रत्येक सर्व्हिसवाल्याला वाचायला लावावं. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. बॅकअप शोधायला गेल्यावर कळलं की रोजचा डेटाबेस बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे केव्हापासून फसतच होता, आणि तो फसल्याचे ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं. त्यांनी दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि काय काय चुकलं ते सविस्तर छापलं.

आता ज्यांना ही व्यवस्था बसवायची किंवा बसवून घ्यायची आहे त्यांच्यासाठी.

डिस्कवर, अगदी वरच्या पातळीवर, एक छोटी खुणेची फाइल ठेवा आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती आहे का हे तपासायला लावा. नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं आणि ओरडून सांगावं. ‘माउंटपॉइंट’ ही कमांडही याच कामाची आहे. एवढी एक ओळ असती तर वाचनालयाची प्रत आज शाबूत असती. त्यासाठी फार हुशारी लागत नाही, समोरच्याच्या कामाची थोडी फिकीर लागते.

‘डिलीट’ लावायचंच असेल तर सोबत ‘मॅक्स-डिलीट’ लावून मर्यादा घाला: एका रात्रीत अमुक फाइलींपेक्षा जास्त पुसू नकोस. रोजच्या कामात पाच-पंचवीस फाइली इकडच्या तिकडे होतात, हजारो नाही.

त्याहून चांगलं म्हणजे पुसलेल्या आणि बदललेल्या फाइली तारखेच्या फोल्डरात हलवायला सांगणारा ‘बॅकअप-डिर’, किंवा रोजची वेगळी प्रत ठेवणारा ‘लिंक-डेस्ट’. लिंक-डेस्टमध्ये न बदललेल्या फाइली हार्ड लिंकने आदल्या दिवसाच्या प्रतीला जोडल्या जातात, म्हणून तीस दिवसांच्या तीस प्रती दिसल्या तरी जागा जवळपास एकीचीच लागते. “जागा कमी पडेल” असं कुणी सांगितलं तर हे त्याला दाखवा.

कुठलीही नवी कमांड आधी ‘ड्राय-रन’ने चालवा, त्यात प्रत्यक्ष काही हलत नाही, काय होणार तेवढं छापलं जातं. छापलेलं वाचा. विशेषतः मूळ फोल्डरच्या नावाशेवटची तिरकी रेघ बघा: ती असेल तर फोल्डरातला माल जातो, नसेल तर फोल्डरासकट जातो. ही एक रेघ चुकली आणि जोडीला डिलीट असलं, तर पलीकडच्या फोल्डरात आधीपासून असलेलं सगळं पुसलं जाऊ शकतं.

एरवी आरसिंक फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ एवढंच बघतं. दोन्ही जुळलं की फाइल तीच, असं ते धरून चालतं. म्हणून अधूनमधून ‘चेकसम’ हा पर्याय ड्राय-रनसोबत चालवावा. वेळ खातो, पण नकळत खराब झालेली फाइल त्यातच सापडते.

आवृत्तीकडेही बघा. जानेवारी २०२५ मध्ये ३.४.० आली ती सहा सुरक्षा-त्रुटी बुजवायला, त्यातली एक फार गंभीर होती. मॅकवर बरीच वर्षं २००६ सालची २.६.९ हीच मिळत होती. त्यावर नवे पर्याय चालतील असं गृहीत धरू नका. आणि परत आणून बघितल्याशिवाय बॅकअपवर विश्वास ठेवू नका, हे सगळेच सांगतात, कुणी करत नाही. महिन्यातून एकदा दहा फाइली उतरवून उघडा.

‘यशस्वी’ असा ईमेल नकोच. ईमेलमध्ये आकडे हवेत: कालच्या फाइली किती, आजच्या किती, पुसल्या किती. आकडा शून्य दिसला असता तर शाळकरी पोरानेही फोन केला असता.

वाचनालयाचं पुढे काय, तर मेलेली डिस्क पुण्यात डेटा रिकव्हरीला दिली. काही फाइली आल्या, पण नावं गेली. आता मुलगी एकेक पान उघडून पुन्हा नाव देते आहे. त्या खर्चाबद्दल सर्व्हिसवाल्याला पाठवलेल्या पत्राची पोच आली, उत्तर आलेलं नाही. नव्या वर्क ऑर्डरमध्ये ‘डिलीट’ वापरायचं की नाही, वापरलं तर किती मर्यादेत, स्क्रिप्टची छापील प्रत कुणाकडे राहणार, हे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या आहेत. करार संपवताना आणखी एक बघा, ‘ऑथोराइज्ड कीज’ ही फाइल उघडून जुन्या माणसाची एसएसएच की काढून टाका. लेखिकेने सर्व्हर तपासला तेव्हा त्याची की तिथे तशीच होती, पूर्ण अधिकारांसह, आणि ती काढायला हवी हे त्याने स्वतःहून एका शब्दानेही सांगितलं नव्हतं.