विहिरीच्या पाण्यात पेट्रोल आहे का, हे कसे तपासावे?



शिर्डीजवळच्या भिल्ल वस्तीवर आपल्या देणग्यांतून पाण्याचा टँकर जातो. त्यावर काही वाचकांनी विचारले की, वस्तीशेजारी विहीर आहे, तिच्या पाण्याचा अहवालही 'पिण्यायोग्य' आला आहे, मग टँकरचा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून हा अभ्यासलेख.

ही विहीर खाजगी आहे. नगर-मनमाड रस्त्यावरचा एक पेट्रोल पंप तिथून जवळच आहे. उन्हाळ्यात वस्तीतल्या बाया म्हणू लागल्या, "ताई, पाण्याला रॉकेलवाणी वास येतोय." पंपाची टाकी गळते, असे मी म्हणत नाही. विहिरीवरच्या इंजिनाचे तेल सांडले तरी वास येतो. तपासणीआधी कोणाकडे बोट दाखवू नये, पण वास आल्यावर ते पाणी पिऊही नये.

आता अहवालाविषयी. नेहमीच्या तपासणीत सामू, काठिण्य, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू पाहतात. पेट्रोल त्यात पाहतच नाहीत. प्रयोगशाळेचा यात दोष नाही; जे विचारले त्याचेच उत्तर तिने दिले. गावात वापरतात त्या तपासणी पेटीतूनही पेट्रोल कळत नाही.

पेट्रोलमधला सर्वांत घातक घटक म्हणजे बेंझिन. त्याने रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. नुसत्या बेंझिनचा वास मात्र पाण्याला साधारण १० मिलिग्रॅमच्या पुढे येतो, म्हणजे मर्यादेच्या हजारपट झाल्यावर! तेव्हा "आता वास गेला" म्हणून हंडे पुन्हा भरायला लागणे बरोबर नाही. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का असू शकते. कागदावर हिशेब मांडला तर १ लिटर पेट्रोलमधले तेवढे बेंझिन सुमारे ८ लाख ८० हजार लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊ शकते. प्रत्यक्षात बरेच उडून जाते, तरी गळती 'थोडीशीच' आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

पंपापासूनचे अंतर पाहूनही खात्री देता येत नाही. आपल्या भागात काळ्या मातीखाली बेसॉल्ट खडक आहे आणि पाणी त्याच्या भेगांतून वाहते. जवळची विहीर कोरी राहून दूरची बिघडू शकते. २०२१ च्या फेब्रुवारीत फलटण तालुक्यातील सासवडला (पुरंदरचे सासवड नव्हे) चोरांनी इंधनवाहिनी फोडली, तेव्हा जमिनीत मुरलेले पेट्रोल विहिरींपर्यंत पोहोचले होते.

नमुना घेण्याची रीत नीट पाळावी, कारण बेंझिन पटकन उडून जाते. प्लास्टिकची बाटली चालत नाही. प्रयोगशाळेकडून टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाच्या, ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या मागून घ्याव्यात. त्यांत आधीच थोडे आम्ल घातलेले असते, म्हणून त्या विसळू नयेत. पाणी संथ धारेने, खळखळ न करता, काठोकाठ भरावे. झाकण लावून कुपी उलटी केल्यावर आत एकही बुडबुडा दिसता कामा नये. मग ती बर्फात ठेवून लवकरात लवकर पोहोचवावी. आम्ल असले तरी १४ दिवसांच्या आत तपासणी व्हावी लागते. नमुना नेणाऱ्याने वाटेत गाडीत पेट्रोल भरू नये आणि हाताला इंधन लागू देऊ नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते, म्हणून एक नमुना विहिरीच्या पृष्ठभागाजवळचा आणि एक प्रत्यक्ष पिण्यासाठी भरतात त्या ठिकाणचा घ्यावा. अर्जावर 'बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन, झायलिन' अशी नावे स्पष्ट लिहावीत. ही तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफीने होते. प्रत्येक प्रयोगशाळेत ती सोय नसते, तेव्हा एनएबीएल मान्यता असलेल्या ठिकाणी आधी फोन करून विचारावे.

पाणी उकळणे हा उपाय नव्हे. वाफ घरातच पसरते. तुरटी आणि क्लोरिननेही काही साधत नाही. ते पाणी अंघोळीलाही नको.

याहून मोठी काळजी मला गाळ काढणाऱ्या तरुणांची वाटते. वस्तीतली मुले उन्हाळ्यात मजुरीवर विहिरीत उतरतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचते. उतरण्याआधी पेटता कंदील सोडून हवा पाहण्याची जुनी रीत आहे. अशा विहिरीत तिनेच भडका उडेल. वास येत असेल तर विहिरीत कोणी उतरू नये आणि काठावर विडीसुद्धा पेटवू नये.

शंका आल्यावर ग्रामपंचायत, तहसीलदार आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना लेखी कळवून पोच घ्यावी. विहीर दुसऱ्याची असेल तर मालकाला सोबत घ्यावे. त्याच्याही घरात तेच पाणी जाते.

अहवालात 'आढळले नाही' असे लिहून आले, तर किती प्रमाणापर्यंत मोजता आले ते विचारावे. तो आकडा ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा मोठा असेल तर त्या शब्दांना अर्थ नाही. आणि मे महिन्यात नमुना कोरा निघाला, तरी पावसाळा संपल्यावर दुसरा घ्यावा, कारण भूजल वर चढते तेव्हा मातीत अडकलेले इंधनही हलते.