भट्टीजवळचा ग्रीष्म आणि लवणाचा विचार

अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्याध्यायात ग्रीष्मात लवण, कटू व अम्ल रस वर्ज्य सांगितले आहेत; त्यांच्यासोबतच व्यायाम आणि ऊनही वर्ज्य आहे. मालवण-वेंगुर्ले पट्ट्यातील काजू कारखान्यात बॉयलरजवळ बी वाफविणाऱ्या कामगारास श्रम व उष्णता टाळता येत नाहीत. मग त्यास केवळ मीठ वर्ज्य सांगणे योग्य आहे काय? आमच्या मते नाही. किनाऱ्यावरील दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही. शरीर निवत नाही, जल व लवण मात्र निघून जाते.

अशा कामगारास दर 15 ते 20 मिनिटांनी पेलाभर पाणी द्यावे. घाम काही तास वाहत राहिल्यास 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून द्यावे. रक्तदाब वा वृक्कविकार असल्यास मिठाचे प्रमाण चिकित्सकाने ठरवावे. नव्या कामगारास उष्णता सात्म्य होण्यास 7 ते 14 दिवस लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देऊ नये.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती, की कारखान्यातून कोणी कामदुधा किंवा प्रवाळपिष्टी मागण्यास आल्यास प्रथम विचारावे : रुग्ण बरळतो काय? तोल जातो काय? झटके आले काय? तसे असल्यास, अंगास घाम असला तरी, तो उष्माघातच समजावा. तत्काळ 108 क्रमांकास कळवावे, रुग्णास सावलीत घेऊन अंगावर गार पाणी सतत ओतावे, वारा घालावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडावाटे काहीही देऊ नये. येथे पुडी बांधण्यात गेलेली मिनिटे रुग्णाच्या जिवावर बेततात.